पहिलं क्रेडिट कार्ड आलंय? आधी एवढं करा, मग खरेदीला जावा

सांगलीत गणपती पेठेजवळ आमचं मिक्सर, गीझर, पंखे असलं सगळं मिळणारं दुकान आहे आणि काउंटरवर कार्डाचं मशीन येऊन आता बरीच वर्षं झाली. आठवड्यातनं दोन-तीनदा तरी असं होतं की गिऱ्हाईक कार्ड पुढं करतं, मी मशीन त्यांच्या हातात द्यायला जातो तर ते लांबनंच म्हणतात, "तुम्हीच मारा की ओ, एकोणीसशे सत्तर." दुकानात अजून चार माणसं उभी असतात, पोरगं माल बांधत असतं, सगळ्यांना ऐकू जातं, आणि एकोणीसशे सत्तर हे बहुतेक वेळा त्यांचं जन्मसाल असतं. मी दरवेळी सांगतो की काका, पिन मला नका सांगू, तुम्हीच दाबा, चष्मा नसला तर माझा घ्या. त्यांना वाटतं मी उगाच खळखळ करतोय.

हल्ली पहिल्यांदा कार्ड घेणारे लई वाढलेत. कुपवाड एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या पोराला पगार खात्याबरोबर कार्ड मिळतं, मिरजेला दवाखान्याचं बिल भरायला कोणी घेतं, कोणी आमच्याकडं फ्रिज हप्त्यावर घ्यायचा म्हणून काढतं. पण कार्ड देणारा माणूस सही घेऊन जातो, ते वापरायचं कसं आणि सांभाळायचं कसं हे निवांत बसून कोणी सांगत नाही. म्हणून मी एकदा सगळं लिहून काढतोय. माझे स्वतःचे ४६ हजार गेलेत, ते कसे गेले हेपण खाली सांगतो.

एक गोष्ट आधीच बोलतो. सावध राहा, सावध राहा असं सगळेच सांगतात, पण माणूस चोवीस तास सावध राहू शकत नाही, कधी दमलेला असतो, कधी घरात आजारपण असतं, कधी लग्नाची गडबड. त्यामुळं कार्डच असं लावून ठेवायचं की आपलं लक्ष चुकलं त्या दिवशीसुद्धा फार मोठं नुकसान होऊ नये. माझं सगळं सांगणं याच्यावरच आहे.

कार्ड घरी आलं त्या दिवशी

पहिलं बघा की हे कार्ड तुम्ही मागितलं होतं का. न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, असं काही आलं तर ते चालू करू नका, आलेला ओटीपी कोणाला देऊ नका, बँकेला लेखी कळवा.

मागितलेलंच असेल तर पाकीट फोडल्यावर कार्डाच्या मागं छापलेला हेल्पलाइन नंबर लगेच मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि घरातल्या अजून एकाच्या मोबाइलमध्येपण. हे मी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिकलो. दुकानात पाणी शिरलं, ड्रॉवरमधलं पाकीट, कागद, सगळं गेलं, आणि कार्ड बंद करायला फोन करायचा तर नंबर त्या कार्डाच्याच मागं. तेव्हा एका मित्राला फोन करून त्याच्याकडच्या त्याच बँकेच्या कार्डावरनं नंबर घेतला. चोरीच्या वेळीपण अगदी असंच होतं, पाकीट गेलं की नंबरपण गेला.

मग बँकेचं ॲप टाका. एसएमएसमधल्या किंवा व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेल्या लिंकवरनं नको, प्ले स्टोअरमध्ये जाऊन बँकेचं नाव टाकून, खाली कंपनीचं नाव नीट वाचून. वेबसाइट बघायची असेल तर एक सोपी खूण आता झालीय, रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं, त्यामुळं पत्त्याच्या शेवटी ते आहे का बघायची सवय लावून घ्या.

आता ॲपमधलं सगळ्यात महत्त्वाचं. कार्ड कंट्रोल, मॅनेज कार्ड, युसेज सेटिंग असं काहीतरी नाव असतं, प्रत्येक बँकेचं वेगळं. आत गेलं की बटणं दिसतील: दुकानातलं मशीन, ऑनलाइन, टॅप (म्हणजे मशीनला कार्ड नुसतं टेकवणं), एटीएम, आणि परदेशी व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळं नवीन कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमला आणि मशीनला चालतं, बाकीचं आपण चालू करायचं असतं. पण होतं काय, कार्ड घेताना एखादा एजंट म्हणतो "द्या इकडं, मी सगळं चालू करून देतो", आणि तो खरंच सगळं चालू करून देतो. म्हणून एकदा स्वतः बघा.

परदेशी व्यवहाराचं बटण बंद पाहिजे म्हणजे पाहिजेच. कारण समजून घ्या. आपल्या देशातल्या वेबसाइटवर कार्ड वापरलं की बहुतेक वेळा ओटीपी येतो, अशी दुसरी तपासणी करायची रिझर्व्ह बँकेची सक्ती आहे. बाहेरच्या देशातल्या कितीतरी वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत, कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. आमच्या शेजारच्या वैनींचं असंच झालं, रात्री दोनला कुठल्यातरी परदेशी साइटवर १८ हजाराची खरेदी, ओटीपी नाही, फोन नाही, काही नाही. त्या पोरीच्या अभ्यासामुळं जाग्या होत्या, मेसेज बघितला, वीस मिनिटात कार्ड बंद करून तक्रार नोंदवली. त्यांना एक रुपया भरायला लागला नाही. त्यांच्याकडनं काहीच चूक झालेली नव्हती, नंबर कुठनं गेला हे अजून कळलेलं नाही, पण ते बटण बंद असतं तर झोपमोडसुद्धा झाली नसती.

त्याच ठिकाणी मर्यादापण लावता येते. समजा कार्डाचं लिमिट दीड लाख आहे, तुम्ही महिन्याला दहा-बारा हजार वापरता, तर ऑनलाइनची आणि दुकानातल्या मशीनची मर्यादा पाच-पाच हजार ठेवा. फ्रिज घ्यायचा त्या दिवशी दुकानात उभं राहून वाढवा, बिल झालं की परत खाली आणा, एक मिनिटाचं काम आहे. माझी गिऱ्हाईकं हे करायला लागलीत, काउंटरवर थांबून मर्यादा वाढवतात, मला बरं वाटतं बघून. एटीएममधनं रोख काढायचं बटण तर बंदच ठेवा, क्रेडिट कार्डावर रोख काढली की त्याच दिवसापासनं व्याज चालू होतं आणि वर फी लागते.

पिन जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको, मोबाइलचे शेवटचे चार आकडे नको. आणि मागचे तीन आकडे, ज्याला सीव्हीव्ही म्हणतात, ते पाठ करा आणि त्याच्यावर टिकलीएवढा स्टिकर लावून टाका.

मेसेज येणारा मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हेपण तपासा. पोरांचा नंबर दिलेला असतो, पोरगं पुण्याला, मेसेज पुण्याला जातो आणि आईवडील इकडं अंधारात.

दुकानात, पंपावर, हॉटेलात

मी मशीनच्या पलीकडं उभा असतो म्हणून सांगतो, कार्ड तुमच्या नजरेआड जायचं काही कारण नाही. मशीन आता वायरशिवाय चालतं, ते तुमच्या टेबलापर्यंत येतं, गाडीच्या खिडकीपर्यंत येतं. हायवेवरच्या हॉटेलात वेटर कार्ड घेऊन आत जायला लागला तर सरळ म्हणा, "दादा, मशीन इकडं आणा", नाहीतर स्वतः उठून काउंटरवर जावा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढायला पाच सेकंद पुरतात, आणि तेवढ्यावर काय होतं ते वैनींच्या गोष्टीत वाचलंच.

पिन दाबायच्या आधी मशीनवर रक्कम वाचा. दोन हजाराच्या जागी वीस हजार पडणं ही दरवेळी चोरी नसते, माझ्याकडनंसुद्धा गडबडीत एकदा शून्य जास्त पडलेलं आणि गिऱ्हाईकानं वाचलं म्हणून कळलं. दुसऱ्या हातानं आडोसा करून पिन दाबा, त्यात दुकानदाराचा अपमान वगैरे काही नसतो. व्यवहार फेल झाला असं म्हणून परत कार्ड मागितलं तर आधी मोबाइलवर मेसेज आलाय का बघा, आणि फेल झाल्याची पावती मागा, मशीन ती काढून देतं.

टॅपचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. कार्डावर आडव्या लाटांसारखी खूण असेल तर ते नुसतं टेकवून चालतं, आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. १ जानेवारी २०२१ पासनं ही मर्यादा आहे, त्याआधी २,००० होती. म्हणजे पाकीट हरवलं तर सापडलेला माणूस चार दुकानं फिरू शकतो. सोयीचं आहे यात वाद नाही, पण तुम्ही गर्दीत वावरत असाल, एसटीचा रोजचा प्रवास असेल, तर टॅप बंद ठेवा किंवा त्याची मर्यादा हजारावर आणा.

कार्डाची झेरॉक्स कोणालाही द्यायची नसते, लोन करून देतो म्हणणाऱ्यालापण नाही. आणि भाच्याला रेल्वेचं तिकीट काढायला कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं हे तर घरोघर चालतं. भाचा चांगलाच असतो हो, पण तो फोटो त्याच्या मोबाइलमध्ये राहतो, गॅलरीत राहतो, बॅकअपमध्ये जातो, तो मोबाइल उद्या विकला जातो.

ऑनलाइन खरेदी करताना

इथं थोडक्यात. ऑक्टोबर २०२२ पासनं भारतातल्या खरेदीच्या साइटना आपला कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याच्या जागी टोकन म्हणून एक बदली नंबर राहतो. त्यामुळं मोठ्या ओळखीच्या साइटवर 'कार्ड सेव्ह करा' म्हटलं तर फार घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते इन्स्टाग्रामवर नव्वद टक्के सूट दाखवणाऱ्या, काल जन्मलेल्या दुकानांना, जिथं परत करायचा पत्ता नसतो आणि फोन उचलत नाहीत. तिथं घेऊच नका, अगदीच घ्यायचं तर घरी माल आल्यावर पैसे हा पर्याय असेल तरच.

पहिला महिना फुकट म्हणून ॲप घेतलं आणि कार्ड जोडलं की दर महिन्याला आपोआप पैसे जातात हे विसरू नका. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, त्यात बंद करायची सोयपण असते. रक्कम १५,००० च्या वर असेल तर ओटीपी मागितला जातो, खाली असेल तर नाही, म्हणून तो आधीचा मेसेज वाचायचा.

आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ध्यानात ठेवा, तुमचा यूपीआय पिन म्हणजे आता क्रेडिट कार्डाचीपण किल्ली झाली. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. "क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा.

फोन आला तर

आता माझं सांगतो. वडिलांचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं, तिसरा दिवस, मी रात्रभर दवाखान्यात बाकड्यावर. सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला, पोरगी बोलत होती, अगदी शांत, चांगलं मराठी. म्हणाली, "सर, तुमच्या कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत, सव्वासहा हजार रुपयांचे आहेत." माझं नाव सांगितलं, कार्डाचे पहिले आकडे सांगितले, शेवटचे चारपण सांगितले. मला वाटलं एवढं माहीत आहे म्हणजे बँकेचीच असणार. ओटीपी आला, मी सहा आकडे वाचून दाखवले. लगेच दुसरा आला, ती म्हणाली पहिला अडकला, तोपण दिला. दोन व्यवहार, २४ आणि २२ हजार.

नंतर मी ते मेसेज परत उघडून बघितले. प्रत्येकात स्पष्ट लिहिलं होतं, किती रुपयांसाठी आणि कुठल्या दुकानासाठी हा ओटीपी आहे. मी फक्त आकडे वाचले होते, त्यांच्या शेजारचे शब्द वाचलेच नव्हते. म्हणून सगळ्यांना सांगतो, ओटीपीचा मेसेज आला की आकड्याच्या आधी रक्कम वाचा. पॉइंट जमा व्हायला, कार्ड बंद व्हायला, तक्रार रद्द व्हायला म्हणून फोनवर ओटीपी मागणारा माणूस बँकेचा नसतो. ओटीपीनं व्यवहार पक्का होतो, रद्द होत नाही.

आकडे माहीत असण्याचं म्हणाल तर कार्डाचे पहिले सहा-आठ आकडे ही बँकेची आणि कार्डाच्या प्रकाराची खूण असते, त्या बँकेचं तेच कार्ड असलेल्या सगळ्यांचे ते सारखेच असतात. शेवटचे चार तर प्रत्येक पावतीवर छापलेले असतात, माझ्या दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यातपण सापडतील. त्यामुळं कोणी आकडे म्हणून दाखवले तर त्यानं काहीच सिद्ध होत नाही.

बोलायचे विषय बदलत राहतात. लिमिट वाढवून देतो, वर्षाची फी माफ करतो, तुमच्या नावानं कोणीतरी व्यवहार केलाय तो थांबवतो, केवायसी संपलं, कार्ड आज संध्याकाळी बंद होणार. सगळ्यात एकच गोष्ट सारखी असते, आत्ता, लगेच, फोन न ठेवता. म्हणून उपाय पण एकच, फोन ठेवायचा. वाईट दिसेल म्हणून बोलत बसू नका. खरंच काम असेल तर कार्डामागच्या नंबरवर आपण फोन करायचा. तो नंबर गुगलवर शोधू नका, तिथं चोरांनी टाकलेले कस्टमर केअर नंबर सापडतात, बँकेचे म्हणून, कुरिअरचे म्हणून, गॅस एजन्सीचे म्हणून. बँकांनी ग्राहकांना सेवेचे आणि व्यवहाराचे कॉल करायला १६०० नं सुरू होणारे नंबर वापरायचे असा नियम झालाय, त्यामुळं साध्या मोबाइल नंबरवरनं 'बँकेतनं बोलतोय' म्हटलं की तिथंच शंका घ्या, आणि १६०० वरनं आला तरी ओटीपी द्यायचा नाही तो नाहीच.

अजून दोन गोष्टी. कोणी म्हणालं एनीडेस्क (आपला मोबाइल दुसऱ्याला दाखवणारं ॲप) टाका किंवा व्हॉट्सॲपवर स्क्रीन दाखवा, तर समोरच्याला तुमचा येणारा प्रत्येक मेसेज दिसतो, ओटीपी तोंडानं सांगायची गरजच राहत नाही. आणि 'तुमचं पार्सल आलंय, डिलिव्हरी बॉयशी बोलायला हा नंबर डायल करा' म्हणून स्टार २१ किंवा स्टार ४०१ नं सुरू होणारा कोड देतात, तो दाबला की तुमचे कॉल त्यांच्याकडं वळतात, आणि ओटीपी फोनवर ऐकून घेता येतो. चुकून दाबला असेल तर ##००२# डायल करा, सगळे वळवलेले कॉल बंद होतात.

व्हॉट्सॲपवर येणारी फाइल

लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, नाव असतं 'लग्नपत्रिका' आणि शेवटी एपीके. आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, वीजबिल थकलंय आज रात्री लाइट जाणार, अशी कितीतरी रूपं. एपीके म्हणजे पत्रिका नसते, ते ॲप असतं. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. ते ॲप एकदा टाकलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी तिकडं जातात, आणि वर तीच फाइल तुमच्या नावानं तुमच्या पाव्हण्यांना जाते. म्हणून ओळखीच्या माणसाकडनं आली म्हणजे सुरक्षित असं समजू नका, पाठवणाऱ्यालाच माहीत नसतं त्यानं पाठवलीय.

टाकली गेलीच असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफायपण बंद झालंय का बघा, दुसऱ्याच्या फोनवरनं बँकेला सांगून कार्ड बंद करा, मग ते ॲप काढा. काढता येत नसेल तर जवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं जाऊन सगळा मोबाइल रीसेट करा. फोटो जातील म्हणून लोक थांबतात, त्यात वेळ जातो.

मोबाइलचं नेटवर्कच गेलं, शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज आहे आणि आपल्याला तासभर नाही, तर कोणीतरी आपलं सिम दुसरीकडं चालू केलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरनं आधी बँकेला, मग मोबाइल कंपनीला फोन करा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फुकट बघता येतं. ज्यांनी आधारच्या झेरॉक्सा जागोजागी दिल्यात त्यांनी तर एकदा बघावंच, आणि इथनं पुढं शक्य तिथं आधारचे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्यावं.

महिन्याचं स्टेटमेंट

नुसती एकूण रक्कम बघून भरू नका, एक-एक ओळ वाचा. दोन रुपये, पाच रुपये असले अनोळखी व्यवहार दिसले तर सोडू नका, कार्ड चालतंय का हे चोर आधी लहान रकमेनं तपासतात. आणि वर्षातनं एकदा सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि कार्डांची नोंद, काढा, सिबिलसारख्या अशी नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं कार्ड किंवा कर्ज असेल तर तिथं दिसतं.

पैसे गेले तर, याच क्रमानं

आधी कार्ड बंद. ॲपमध्ये ब्लॉकचं बटण असतं, ते दाबा, नाहीतर हेल्पलाइनला फोन. दोन मिनिटंसुद्धा विचार करत बसू नका, आपलीच खरेदी होती असं नंतर कळलं तर फार तर नवीन कार्ड येईल.

लगेच १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. लागला नाही तर परत लावा, लावत राहा. पैसे एका खात्यातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या असे पळवत असतात, लवकर कळलं तर मधेच गोठवता येतात. फोन करताना कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख-वेळ आणि मेसेजमधला व्यवहार नंबर जवळ ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरपण तक्रार टाकता येते. तक्रारीचा नंबर मिळतो, तो वहीत लिहा. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा आपल्या पोलीस ठाण्यात जाताना मेसेजचे स्क्रीनशॉट आणि स्टेटमेंट छापून न्या. चोराचा मेसेज, नंबर रागानं डिलीट करू नका.

मग बँकेला लेखी तक्रार, ईमेलनं, त्याच दिवशी. फोनवर सांगितलं तेवढ्यावर भागत नाही. इथं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक माहीत पाहिजे. बँकेची चूक असेल तर आपली जबाबदारी शून्य. चूक ना आपली ना बँकेची, तिसरीकडनंच नंबर फुटला, जसं वैनींचं झालं, आणि मेसेज आल्यापासनं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर कार्डाचं लिमिट पाच लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त १०,००० आणि पाच लाखांच्या वर असेल तर २५,००० आपल्यावर. सात कामकाजाच्या दिवसांच्या पुढं बँकेच्या धोरणावर. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, आपलं नाही. जिथं आपली जबाबदारी येत नाही तिथं कळवल्यापासनं दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं तेवढी रक्कम तात्पुरती परत टाकायची असते, आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायची असते.

आपणच ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझं याच्यात गेलं. त्यात मी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही, वडील दवाखान्यात, घरात काय सांगायचं, लाज वाटली. १९३० ला तिसऱ्या दिवशी फोन केला तोवर पैसे कुठल्या कुठं गेलेले. नंतर बँकेशी बोलून रकमेचे हप्ते करून घेतले आणि वर्षभर भरत बसलो. तुमच्या घरात कोणाचं असं झालं तर त्याला आधी बोलू नका, "एवढं कसं कळलं नाही" हे वाक्य तर काढूच नका, आधी त्याच्या हातात फोन द्या आणि १९३० लावायला लावा. ओरडा बसेल म्हणून म्हातारी माणसं गप्प बसतात आणि वेळ तिथंच जातो.

वादातल्या रकमेचं बिल आलं तर घाबरून सगळं भरू नका आणि रागानं सगळं थांबवूपण नका. जी खरेदी आपली आहे तेवढी वेळेत भरा, आणि फसवणुकीची रक्कम वादात आहे असं लेखी कळवून त्याची पोच ठेवा. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत बँकेला चार्ज लावता येत नाही. वसुलीवाल्यांचे फोन आले तर तक्रार नंबर सांगा.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार भरायची, १४४४८ वर फोन करून विचारता येतं. बँकेला केलेल्या पहिल्या तक्रारीची तारीख तिथं विचारतात, म्हणून तो ईमेल जपून ठेवा.

नवीन कार्ड आठवड्या-दोन आठवड्यात येतं, नंबर वेगळा असतो. जुन्याला जोडलेलं वीजबिल, मोबाइल रिचार्ज, विम्याचा हप्ता हे आपोआप जाणारे पैसे थांबलेले असतात, ते परत जोडायला लागतात, विम्याचं तर आधी बघा. आणि बटणं, मर्यादा, पिन सगळं नव्यानं लावायला लागतं, जुन्या कार्डाचं लावलेलं नवीनवर आपोआप येईलच असं धरून चालू नका, ॲप उघडून बघा.